सम्राटाचे आख्यान

पाडव्यानंतरच्या पहिल्या रविवारी घरात कीर्तन करावयाचे, हा मोरेश्वररावांचा नेम टेक्सासमधील शुगर लँडला आल्यावरही खंडित झाला नव्हता. दिवाणखान्यातील सोफा भिंतीला सरकला होता, टीव्हीवर पत्नी शुभाताईंची जुनी शाल पडली होती, आणि सतरंजीवर पेटी व तबला एकमेकांकडे तोंड करून बसले होते. माणसे मात्र यंदा एकमेकांच्या तोंडाकडे पाहण्याचे टाळीत होती. त्याचे कारण घरात सर्वांस ठाऊक होते. मोरेश्वररावांची नात प्रीता हिने येत्या ईस्टरला ह्यूस्टनमधील एका चर्चमध्ये बाप्तिस्मा घेण्याचे ठरविले होते, आणि तिचे वडील विक्रम यांनी आपण त्या दारात पाऊल ठेवणार नाही असे सांगून टाकले होते.

त्या दिवसापासून बाप आणि लेक यांच्यातील बोलणे मिठाच्या डबीपुरते उरले. अखेरीस प्रीतानेच एक वचन दिले. आजोबांनी थांब म्हटले तर मी थांबेन, दुसऱ्या कोणी म्हटले तर नाही. हे वचन तिने आजोबांच्या मायेवर विसंबून दिले की त्यांच्या न्यायबुद्धीवर, हे तिलाही सांगता आले नसते. तथापि त्या एका वाक्याने साऱ्या घराचे ओझे त्या वृद्ध माणसाच्या खांद्यावर येऊन पडले होते, आणि आज त्या खांद्यावर उपरणेही होते.

“फेटा डावीकडे कललाय,” आतल्या खोलीत आरशापुढे उभ्या असलेल्या पतीला शुभाताई म्हणाल्या. “अहो, तुम्ही खरंच त्या राजाचं आख्यान लावणार आज?”

“लावणार.”

“रोमच्या?”

“राजा कुठला का असेना. आख्यानात शोभला म्हणजे झालं.”

“आमच्या माहेरचे बुवा हरिश्चंद्राच्या पुढे कधी गेले नाहीत. तुम्ही थेट समुद्र ओलांडलात.”

“समुद्र आपण दोघांनी ओलांडला. राजा बिचारा आपल्या जागेवरच होता.”

शुभाताईंनी फेट्याचा शेव ओढून सरळ केला. नंतर सहज विचारल्यासारखे विचारले, “आणि पूर्वरंग?”

“मला येतो तोच. दुसरा कुठं येतो?”

शुभाताईंनी त्यांच्याकडे किंचित अधिक वेळ पाहिले. 

मोरेश्वररावांचे शिक्षण नववीपर्यंतचे. सांगलीकडच्या एका कारखान्यात त्यांनी लेथवर उमेदीची वर्षे घालविली, आणि सुट्टीच्या दिवशी गावच्या बुवांकडे बसून कीर्तन उचलले. पूर्वरंगात एक उपदेश मांडावा आणि उत्तररंगात एखादी कथा सांगून तो खरा करून दाखवावा, हा कीर्तनाचा दंडक त्यांच्या अंगी भिनला होता. परंतु बुवा लवकर निवर्तले आणि मोरेश्वररावांच्या वाट्याला एकच पूर्वरंग आला. कथा त्यांनी पुढे पुष्कळ जमविल्या. दर वर्षी कथा नवी, उपदेश तोच.

यंदाची कथा त्यांना प्रीतानेच दिली होती. दर शनिवारी ती त्यांच्यापाशी येऊन बसे, फोनवरून इंग्रजी वाची आणि आपल्या मोडक्या मराठीत त्याचा अर्थ सांगे. एका शनिवारी आजोबांनी विचारले, की तुझ्या या देवाच्या बाजूला पहिला राजा कोण गेला? तेव्हा तिने सम्राट कॉन्स्टंटाईनचे नाव घेतले. मग कित्येक शनिवार त्यांनी दुसरे काही वाचू दिले नाही. लढाया ऐकताना ते मांडीवर ठेका धरीत, आणि प्रीता मध्येच थांबून हसे.

याच कथेत विक्रमरावांना आपली वाट दिसली.

डोळ्यांच्या डॉक्टरकडून परतताना त्यांनी गाडीत विषय काढला होता. विक्रमराव तेलाच्या पाइपलाइनचे इंजिनिअर. कोणत्या ठिकाणी दाब वाढला म्हणजे नळी फुटेल हे सांगण्यात त्यांचे आयुष्य गेले होते. स्वतःच्या घरातील दाब मात्र त्यांना आकळत नव्हता. मुलीने श्रद्धा ठेवली याचा त्यांना राग नव्हता. त्यांना भय होते ते निराळेच. उद्या आईच्या देव्हाऱ्यापुढे आपली लेक पाहुण्यासारखी उभी राहील, चप्पल कुठे काढू असे विचारील, हे चित्र त्यांच्या डोळ्यांपुढून हलत नव्हते.

“बाबा, तुमचा तो राजासुद्धा थांबलाच ना,” ते म्हणाले. “आयुष्यभर मनात धरलं, पण बाप्तिस्मा घेतला तो अगदी मरताना. प्रीतानंच सांगितलंय तुम्हाला. मग हिला कसली घाई? मनात ठेव म्हणावं. तुम्ही आणि आई आहात तोवर तरी थांब म्हणावं. मी बोललो की भांडण होतं. तुम्ही कीर्तनात सांगा.”

मोरेश्वरराव पुढच्या ट्रककडे पाहत राहिले. “तू आधी लेन बदलताना मागं बघ,” ते म्हणाले. आणि घर जवळ आल्यावर म्हणाले, “सांगतो.”

त्यांना ते मनापासून पटले होते. मुलीचा देव जात नव्हता, मुलाचे मन मोडत नव्हते, आणि एवढ्या मोठ्या सम्राटाचा दाखला होता. यात खोट कोठे असेल असे त्यांच्या मनातही आले नाही.

*

स्वयंपाकघरात प्रीताची आई पद्मिनीबाई श्रीखंडात चारोळी घालीत होत्या, आणि त्यांची नणंद नीना न्यू जर्सीहून आल्याआल्या चौकशीस बसली होती. विमानाने निघताना दादाची समजूत घालावयाची की पुतणीची, याचा तिने निर्णय केला नव्हता. उतरेपर्यंत तो दादाच्या बाजूने झाला होता.

“खरं सांग प्रीता. कोण आहे तो?”

“कुणी नाही, आत्या. देअर इज नो बॉय.”

“असता तर बरं झालं असतं,” नीना म्हणाली. “म्हणजे रागवायचं कुणावर, ते तरी कळलं असतं.”

प्रीता हसली. ती इस्पितळात काम करी. पक्षाघाताने ज्यांचे बोलणे गेले अशांना पुन्हा बोलावयास शिकवी. तेथे एक लहानशी प्रार्थनेची खोली होती. दोन रोग्यांच्या मध्ये पाय दुखले म्हणजे ती तेथे जाऊन बसे, इतकीच सुरुवात. हे सारे तिने आईला पूर्वीच सांगितले होते. आत्याला ती एवढेच म्हणाली, “तिथं आधी मला नुसतं शांत वाटायचं. मग एक दिवस शांत नाही वाटलं. कुणीतरी आहे, असं वाटलं.”

 नीनाने पातेल्यावरील झाकण उचलून पाहिले आणि पुन्हा ठेवले.

“आज आजोबा थांब म्हणणार आहेत,” प्रीता पुढे म्हणाली. “बाबांनी त्यांना सांगितलंय. मला कळतं की. ते शनिवारपासून माझ्याकडे बघत नाहीत.”

“मग?”

“मग थांबेन. प्रॉमिस केलंय.” हे तिने साध्या स्वरात म्हटले, तरी हातातील वाटी तिने दोनदा पुसली. “चर्चवाले विचारतायत, घरचे किती येणार. पुढची बाकं ठेवतात ते फॅमिलीसाठी. मी अजून काहीच कळवलं नाही.”

पद्मिनीबाईंनी मान वर न करता म्हटले, “माझं एक धर.”

 पंचवीसहून अधिक वर्षांच्या संसारात पद्मिनीबाईंनी नवऱ्याच्या मागे कधी काही ठरविले नव्हते, आणि ते प्रीतालाही ठाऊक होते.

“वहिनी, दादाला माहीत आहे हे?” नीनाने विचारले.

“नाही.”

नीनाने वहिनीच्या हातातील डाव काढून घेतला आणि श्रीखंड स्वतः ढवळावयास घेतले. “मग मलाही माहीत नाही,” ती म्हणाली.

*

श्रोते जमले. शेजारची मराठी कुटुंबे, दोन-चार वृद्ध दांपत्ये, आणि तबल्यावर नागपूरचा अनीश, जो आठवडाभर संगणकावर काम करून रविवारी मोरेश्वररावांच्या हाताखाली बसत असे. त्याने हळूच विचारले, “काका, रोमन लढाईला ठेका कोणता धरू?”

“केरवा धर. लढाई तिकडची असली तरी घोडे घोडेच.”

नमन झाले, पूर्वरंग सुरू झाला. ‘देवाचे काम उद्यावर टाकू नये’, एवढाच तो उपदेश. शुभाताईंची बोटे पेटीवर आपोआप चालत होती. या उपदेशातील प्रत्येक श्वास त्यांना पाठ होता. एका बाईला माहेरून रेशमी साडी मिळते, ती चांगल्या दिवसाची वाट पाहत ट्रंकेत ठेवते; हा दिवस नको, तो दिवस नको, असे करीत अखेरीस काढते तेव्हा रेशीम घडीवरच चिरलेले असते. हा दृष्टान्त आला म्हणजे बायका सुस्कारा सोडीत. आजही त्यांनी सोडला.

मग मध्यंतर. या वेळी घरच्या कर्त्या पुरुषाने बुवांना बुक्का लावून हार घालावयाचा असतो. विक्रमराव उठले, त्यांनी वडिलांच्या कपाळी बुक्का लावला, मोगऱ्याचा हार घातला आणि वाकून नमस्कार केला. वर येताना त्यांचे डोळे वडिलांच्या डोळ्यांना भिडले. त्या दृष्टीत आर्जव होते. मोरेश्वररावांनी मान हलविली.

“श्रोतेहो,” त्यांनी उत्तररंगास आरंभ केला, “रोम नावाचं नगर. सांगलीला जशी कृष्णा, तशी रोमला टायबर. त्या टायबरच्या पुलावर दोन राजांची गाठ पडली.”

कथा रंगली. भर दिवसा सूर्याच्या माथ्यावर प्रकाशाचा क्रूस दिसला, सैनिकांनी ढालींवर चिन्हे काढली, पूल कोसळला, शत्रू नदीत बुडाला. अनीशचा केरवा असा दौडला की एका आजोबांच्या हातातील चहा सांडला. पुढे सम्राटाने फर्मान काढले की ज्याने त्याने आपापल्या देवाला भजावे, कोणी कोणास छळू नये. येथे श्रोत्यांनी माना डोलावल्या. सम्राटाच्या नाण्यांवर मात्र जुना सूर्यदेव कित्येक वर्षे तसाच राहिला, हे सांगताना मोरेश्वरराव मिस्कील हसले. “नवा देव आणला म्हणून जुन्याला कोणी एका दिवसात घराबाहेर काढत नाही. राजालाही जमलं नाही.”

मागे भिंतीशी बसलेल्या प्रीताला हसू आले. हा सम्राट तिने आजोबांना दिला होता. आता आजोबा त्याच्याच हाताने तिला थांबविणार होते, आणि तरीही तो इतका जिवंत झालेला पाहून तिला आजोबांचा अभिमान वाटत होता. तिने आत्याचा हात धरला. नीनाने तो सोडविला नाही.

कथा शेवटाकडे आली. सम्राट म्हातारा झाला, आजारी पडला. आयुष्यभर पुढे ढकललेले बाप्तिस्म्याचे पाणी आता त्याने मागितले.

“धर्मगुरूंना तो म्हणाला, माझ्या मनात होतं, जॉर्डन नदीत उभं राहून हे घ्यावं. जिथं माझ्या प्रभूनं घेतलं, तिथं. पण आता तिथवर जाववत नाही.” मोरेश्वररावांचा स्वर खाली आला. “मग त्यानं राजाची जांभळी वस्त्रं उतरवली आणि पांढरी नेसली. पुन्हा जांभळ्याला हात लावला नाही. आणि थोड्याच दिवसांत गेला.”

आता मुलाला दिलेला शब्द पाळावयाचा होता. ‘श्रोतेहो, एवढा मोठा सम्राट थांबला, म्हणून थांबणे म्हणजे अश्रद्धा नव्हे,’ हे वाक्य त्यांनी योजून ठेवले होते. कीर्तनाच्या रीतीप्रमाणे येथे पूर्वरंगाच्या पदावर परतावयाचे असते, आणि शुभाताईंनी पेटीवर तेच सूर धरले. सवयीने धरले की जाणून, हे त्यांनी पुढेही कधी कोणास सांगितले नाही. ते सूर ऐकताच मोरेश्वररावांच्या ओठांवर पदाचे पहिले शब्द आले: उद्या म्हणू नको.

आणि ते थांबले.

लेथवर जन्म काढलेल्या माणसाला दोन भाग एकमेकांत बसत नाहीत हे हातालाच कळते. तासाभरापूर्वी ज्या तोंडाने त्यांनी उद्यावर टाकू नये म्हटले, त्याच तोंडाने आता उद्यावर टाक म्हणावयाचे होते. इतके दिवस त्यांना हे कसे दिसले नाही? तबला चालू राहिला, मग बंद झाला. त्यांनी गळ्यातील हार चाचपला. त्यांना भोवळ आली असे वाटून विक्रमराव पाण्याचे भांडे घेऊन धावले. मोरेश्वररावांनी पाणी घेतले आणि भांडे परत न देता हातातच धरून ठेवले.

“श्रोतेहो, माझी कथा चुकली,” ते म्हणाले. “पूर्वरंगाला ही बसत नाही. मी दुसरंच काही सांगायला उभा होतो. ते आता सांगवत नाही.”



“हा राजा थांबला, हे खरं. पण का थांबला? त्या काळी लोक मानीत, या पाण्यानं सारी पापं धुतली जातात, पण एकदाच. म्हणून राजेलोक शेवटपर्यंत थांबत. राज्य करायचं म्हणजे हात मळणार. या राजानं तर पोटचा मुलगा मारवला होता, कर्ता मुलगा. कशासाठी, ते कुणाला नीट माहीत नाही. मनात ते ठेवून तो किती वर्षं हिंडला असेल?” त्यांनी प्रथमच प्रीताकडे पाहिले. “माझ्या नातीला अजून कोणतं पाप उरकायचं राहिलंय, म्हणून मी तिला थांब म्हणू?”

नीना हसली, आणि हसता हसता तिने पदर डोळ्यांना लावला.

“मला तिचा देव कळत नाही,” मोरेश्वरराव म्हणाले. “ती तिकडं चालली म्हणून मला बरं वाटतं, असंही नाही. पण थांब म्हणायला माझी जीभ रेटत नाही. मला एकच पूर्वरंग येतो. तो खोटा करून घरी कुठं जाऊ?” मग ते विक्रमरावांकडे वळले. “तुला दिलेला शब्द मी मोडला रे बाबा. तू रागाव. पण समोर बसून रागाव.”

त्यांनी भांडे खाली ठेवले व आरतीस आरंभ केला. इतर सारे उभे राहिले. विक्रमराव सर्वांत शेवटी उठले.

*

जेवणे आटोपून पाहुणे गेल्यावर विक्रमराव मागच्या अंगणात घडीच्या खुर्च्या मिटून ठेवीत होते. दुपारची दमट उष्णता भिंतीवर बसली होती. प्रीता बाहेर आली आणि न विचारता दुसऱ्या बाजूने खुर्च्या मिटू लागली. 

“मला पटलेलं नाही,” विक्रमराव म्हणाले.

“आय नो, बाबा.”

“तुझ्या आजीच्या देवापुढे तू पाहुण्यासारखी उभी राहशील, एवढंच मला दिसतं. दुसरं काही दिसत नाही.”

ही भीती तिने त्यांच्या तोंडून प्रथमच ऐकली. आजवर तिला वाटत होते, की बाबांना लोक काय म्हणतील याची लाज आहे. तिने हातातील खुर्ची खाली ठेवली.

“आरतीला मी उभी राहीन. कशी, ते मला अजून माहीत नाही. खोटं नाही सांगणार. पण दारात नाही उभी राहणार, बाबा. आतच असेन.”

विक्रमरावांनी तिच्याकडे पाहिले. लहानपणी शाळेच्या बसमधून उतरताना तिच्या चेहऱ्यावर जे असे तेच आताही होते: दिवसभराचे सारे सांगावयाचे आहे, पण प्रथम बापाचा चेहरा पाहून घ्यावा.

तेवढ्यात शुभाताई दार सरकवून बाहेर आल्या. त्यांच्या हातांवर मलमलीत गुंडाळलेली एक साडी होती, मोतिया रंगाची, बारीक काठांची.

“तिकडं पांढरं नेसतात ना? राजा नेसला तसं?” त्यांनी नातीला विचारले. “ही मी कधी नेसले नाही. चांगला दिवस बघू म्हणून ठेवली. इतकी वर्षं यांचा तो दृष्टान्त ऐकते आणि तरी ठेवली. घडी तू मोड.”

प्रीताने साडी दोन्ही हातांनी घेतली. तिला सांगता आले असते की तेथे वरून एक पांढरा झगा चर्चवालेच देतात. पण ती बोलली नाही. झग्याखाली काय नेसावे याविषयी कोणाची हरकत नव्हती.

“आजी, माझ्याच्यानं नीट नेसवत नाही.”

“मी नेसवीन की. त्यासाठी तर यायचंय.” एवढे म्हणून त्या मुलाकडे न पाहता आत निघून गेल्या.

विक्रमरावांनी उरलेली खुर्ची मिटली. ती भिंतीला लावली, घसरली, पुन्हा लावली.

“पार्किंगचं काय आहे तिथं?” त्यांनी विचारले.

प्रीताला क्षणभर कळले नाही. कळले तेव्हा ती साडी छातीशी धरूनच उभी राहिली, कारण हात रिकामा असता तर तिने वडिलांच्या गळ्यात घातला असता, आणि ते त्यांना इतक्या लवकर सोसले नसते.

“पार्किंग गराज आहे. पण लवकर भरतं.”

“मग आपण लवकर निघू. आणि त्यांना कळव, बाकावर माणसं किती ते. आत्याही थांबेल म्हणतेय.” ते दाराकडे वळले आणि उंबऱ्यापाशी थांबले. “आजीच्या पाठीला उशी घे. लाकडी असतात ती बाकं.”